भाऊबीज, ईदी आणि मदत

काही वर्षांपूर्वी कोथरूडमधल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला गेलो होतो. नववी-दहावीच्या मुलामुलींनी सगळा घाट स्वतः घातला होता. पटांगणात भेळेचे आणि सरबताचे ठेले, मेंदीचा कोपरा. मंचावर लेझीम, कोळीनृत्य आणि एक कव्वालीसुद्धा. कूपनं विकून जमलेले पैसे एका वसतिगृहातल्या मुलींच्या शिक्षणासाठी जाणार होते. मुलांची धावपळ पाहून मन भरून आलं. शेवटी मात्र त्या मुलींपैकी तिघींना मंचावर बोलावलं गेलं. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. एका मुलीनं पाकीट घेताना मान काही वर केली नाही.

परतताना कर्वे पुतळ्यापाशी बसची वाट पाहत उभा होतो. ज्यांचा हा पुतळा, त्या माणसानं सारं आयुष्य दुसऱ्यांसाठी पैसे मागण्यात घालवलं. म्हणून वाटलं, या प्रश्नाचं उत्तर याच परिसराच्या इतिहासात शोधावं.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. १८९१ साली ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि त्यांच्या मुरूड गावानं त्यांना वाळीत टाकलं. १८९६ साली त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे रावबहादूर गोखले यांनी कोथरूडलगतच्या हिंगणे गावात सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले. प्लेगच्या त्या दिवसांत, १९०० साली, आश्रम हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. कर्वे रोज तिथून कॉलेजात पायी येत-जात. हिंगणे बुद्रुकचं आज कर्वेनगर झालं आहे आणि त्या वाटेचा कर्वे रस्ता.

आश्रम चालवायचा तर पैसा हवा. ज्या समाजानं वाळीत टाकलं, त्याच समाजाच्या दारात कर्वे वर्गणीसाठी उभे राहिले. पार्वतीबाई आठवले या आश्रमातच शिकलेल्या विधवा. त्या गावोगाव व्याख्यानं देत निधी जमवू लागल्या, आणि १९१८ साली तर अमेरिकेला गेल्या. कर्व्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे बाया कर्वे म्हणत, त्यांनीही आश्रमासाठी मदत गोळा केली. जिच्यासाठी मागायचं, तीच इथं मागायला निघाली होती. तिला मंचावर उभं करून कुणी तिची ओळख करून देत नव्हतं. ती स्वतःच बोलत होती.

या संस्थेची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे तिचा भाऊबीज निधी. दिवाळीच्या सुमारास कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन घरोघर जातात आणि आश्रमातल्या बहिणींची ओवाळणी मागतात. रक्कम लहान असली तरी चालते, पण नात्याचं नाव बदललं की देण्याचा अर्थच बदलतो. बहिणीला ओवाळणी घालताना कुणी उपकार केल्याचा आव आणत नाही, आणि बहीणही ती मान खाली घालून घेत नाही. तो तिचा मान असतो.

हा विचार आपल्याला परका नाही. कुरआनात सांगितलं आहे की, संपन्नांच्या मालमत्तेत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक असतो. म्हणून जकात देणारा आपलं काही देत नाही. जे दुसऱ्याचं आहे ते तो पोचतं करतो. फित्रा तर ईदच्या नमाजाआधीच द्यायचा असतो, म्हणजे सणाच्या दिवशी कुणावर हात पसरण्याची वेळ येऊ नये. उघडपणे दिलेलं दानही चांगलंच मानलं आहे, पण गुपचूप गरिबापर्यंत पोचवलेलं अधिक चांगलं. उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये, असं हदीस सांगते. आपण मात्र शिलाई मशीन वाटतानाही आधी फोटोवाल्याला बोलावतो.

कर्व्यांचा आश्रम हिंदू विधवांसाठी सुरू झाला, ही त्याची मर्यादा होती. पण कर्वे तिथंच थांबले नाहीत. माणसामाणसांतली विषमता नाहीशी व्हावी म्हणून १९४४ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, त्यांनी समता संघ काढला. त्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १९६६ साली सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला. तारीख होती १८ एप्रिल, कर्व्यांच्या जन्मदिवसाची. हा योगायोग असेल. पण त्या सातजणी कुणाची दया मागायला गेल्या नव्हत्या, हक मागायला गेल्या होत्या.

म्हणून शाळेतल्या त्या मुलांचा उत्सव मला मोडीत काढायचा नाही. चौदा-पंधरा वर्षांची मुलं पैसे मोजतात, हिशेब लावतात, दुसऱ्यासाठी राबतात, हे शिक्षण कुठल्या धड्यात मिळत नाही. फक्त मंचावरचा तो शेवटचा प्रसंग गाळावा. वसतिगृहातल्या मुलींना पाकीट घ्यायला बोलावू नये, गाणं म्हणायला बोलवावं. एखादा ठेलाही त्यांना चालवू द्यावा. पैशांचा हिशेब फलकावर लावावा आणि रक्कम संस्थेत गाजावाजा न करता पोचवावी.

आपल्या घरात ईदच्या सकाळी पोरं रांग लावून ईदी मागतात. कुणी कमी दिली तर तोंडावर सांगतात, भांडतातसुद्धा. त्यांना लाज वाटत नाही, कारण आपलंच आपण मागतो आहोत हे त्यांना ठाऊक असतं. मंचावरच्या त्या मुलीलाही तसं भांडता आलं पाहिजे.