अन्सारी या नावाचे ऋण

हिजरतीचा इतिहास सांगताना मक्का सोडणाऱ्यांचे हाल आपण सविस्तर सांगतो. त्यांना दार उघडणाऱ्या मदीनावासीयांना मात्र एखाद्या वाक्यात उरकतो. इ.स. 622 मध्ये आलेल्या मुहाजिरांना पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी एकेका अन्साराशी बंधुत्वाच्या नात्याने जोडून दिले. हजरत सअद बिन रबी (रजि.) यांनी आपली निम्मी मालमत्ता हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांच्यापुढे ठेवली. त्यांनी दुआ दिली आणि फक्त बाजाराची वाट विचारली. तूप-पनीर विकून ते लवकरच स्वतःच्या पायावर उभे राहिले.

स्वतः गरजेत असूनही दुसऱ्याला आधी देणाऱ्या या अन्सारांची प्रशंसा सूरह हश्रमध्ये (59:9) आहे. जकातीच्या हकदारांत वाटसरूही आहे (9:60). तौरातने बनी इस्राईलला बजावले की परक्याला आपला समजा, कारण मिसरमध्ये तुम्हीही परकेच होता. तैत्तिरीय उपनिषदातला गुरू शिष्याला निरोप देताना अतिथीला देव मानायला सांगतो.

आपल्या नाशिक जिल्ह्यात याचा दाखला मालेगावात आहे. 1740 च्या सुमारास नारोशंकरांनी तेथे किल्ला बांधायला घेतला, तेव्हा बाहेरगावचे कारागीर येऊन वसले. पुढे 1857 चा उठाव आणि त्यानंतरचा दुष्काळ यांनी उत्तर हिंदुस्थानातील मोमीन विणकरांना देशोधडीला लावले. त्यांतले कित्येक मोसम नदीकाठी स्थिरावले. हातात कसब होते, भाषा वेगळी होती. त्यांनी विणलेली लुगडी मराठी शेतकरणी नेसू लागल्या. मदीनेत विचारलेली बाजाराची वाट येथेही सापडली.

पुढे याच विणकर समाजाने ‘अन्सारी’ हे नाव धारण केले. मुहाजिर म्हणून आलेल्यांनी यजमानाचे नाव घेतले! हे नाव म्हणजे एक ऋण आहे.

ते फेडायची वेळ रोज येते. पावसाळा सरला की आमच्या हरसूल, पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवरची आदिवासी कुटुंबे द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे निघतात. मुलेही बरोबर जातात, शाळा मध्येच सुटते. आपल्या मोहल्ल्यांत बिहार-बंगालचा मजूर खोली शोधत येतो. मुसलमान म्हटल्यावर शहरात भाड्याने घर मिळत नाही, ही आपली तक्रार खरी आहे. पण त्या मजुराशी आपण कसे वागतो?

शेजारही गृहीत धरता येत नाही. 2015 च्या जुलैत हरसूलमध्ये दंगल झाली, घरे-दुकाने जळाली. एकाच बाजारात उठबस असलेली माणसे एका दिवसात परकी झाली. पाहुणचार एकदा करून संपत नाही, प्रत्येक पिढीला तो नव्याने करावा लागतो. पाड्यावरचे मूल आपल्या वस्तीत आले, तर त्याला शाळेची वाट दाखवणे एवढे तरी आपल्या हाती आहे. हजरत अब्दुर्रहमान यांनीही वाटच विचारली होती.