वजनकाटा, उंदीर आणि कंबरेचा घेर : एका शोधाची गोष्ट

"डॉक्टर, वजन तर बरोबर आहे, मग कंबर कशाला मोजता?" हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. अंधेरी-बोरिवलीची लोकल पकडायची, दिवसभर खुर्चीत बसायचं, रात्री उशिरा जेवायचं. हातपाय बारीक, पण शर्टाचं बटण पोटावर ताणलेलं. तुमचं असंच काही असेल, तर ही गोष्ट तुमच्यासाठी.

सुरुवात उंदरापासून

१९४९ साली अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत एक गोलमटोल उंदीर आढळला. जनुकातल्या दोषामुळे त्याची भूक शमतच नव्हती. पुढे शास्त्रज्ञांनी निरोगी उंदरांनाही भरपूर चरबीचा आहार देऊन लठ्ठ केलं आणि त्यांचा अभ्यास केला. १९९३ मध्ये लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हे सूज वाढवणारं प्रथिन सापडलं. २००३ मध्ये कळलं, की अशा चरबीत मॅक्रोफेज नावाच्या रोगप्रतिकारक पेशी गर्दी करतात. म्हणजे जंतू नसतानाही शरीराचं सैन्य तिथे अडकून पडलेलं! ही सूज दुखत नाही, तिच्याने ताप येत नाही. पण इन्सुलिनचं काम ती बिघडवते.

मग खरा शत्रू आला तर? २००७ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या संशोधकांनी आहाराने लठ्ठ केलेल्या उंदरांना फ्लूचा संसर्ग दिला. त्यातले ४२ टक्के मेले. सडपातळ उंदरांत हे प्रमाण साडेपाच टक्के होतं. त्याआधी, २००५ मध्ये, इलिनॉयमधल्या प्रयोगात माफक धावणारे उंदीर फ्लूतून जास्त संख्येने वाचले होते. दमेपर्यंत तासन्‌तास पळवलेल्यांना मात्र तो फायदा मिळाला नाही.

पुण्यातलं कोडं

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. आपल्या माणसांचं कोडं सोडवायला घेतलं पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंनी कमी होती, चरबीने मात्र फारशी कमी नव्हती. 'बारीक, पण चरबीदार' हे आपलं रूप जन्मापासूनच दिसत होतं.

२००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये चक्क स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! युडकिन मॅरेथॉन धावायचे. याज्ञिक यांनी गमतीत लिहिलं, की आपलं धावणं म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी गाठणं. अर्थात, फरक फक्त व्यायामाचा नाही. जन्माआधीच्या पोषणाचाही त्यात वाटा आहे.

२०१५ मध्ये आनंदवर्धन हर्डीकर आणि सहकाऱ्यांनी तब्बल ५० पिढ्या अर्धपोटी वाढवलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नंतर दोन पिढ्या पोटभर आहार मिळूनही त्यांच्या पोटातली चरबी आणि इन्सुलिनचा बिघाड गेला नाही. दुष्काळ आणि टंचाई पाहिलेल्या आजी-आजोबांची नातवंडं आज वडापाव, फरसाण आणि कोल्ड्रिंकवर वाढताना पाहिली, की हा प्रयोग आठवतो.

तुम्ही काय कराल?

आज घरीच टेप घ्या. श्वास सोडून, पोट आत न ओढता, शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध घेर मोजा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर वजन 'नॉर्मल' असूनही साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या.

आठवड्याला १५० मिनिटं भरभर चाला. एक-दोन स्टेशनांआधी उतरलात तरी चालेल. आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम करा. वजन उतरलं नाही, तरी व्यायाम वाया जात नाही. मात्र ताप असताना विश्रांती घ्या, आणि चालताना छातीत दुखलं तर लगेच डॉक्टरांना गाठा.

मागच्या पिढ्यांची उपासमार आपल्या हातात नव्हती. आजचं ताट आणि आजची पावलं मात्र आपल्या हातात आहेत.