पाटणच्या मठापासून पडद्यावरच्या वर्गापर्यंत

चाळीसगावजवळ पाटण येथे इ. स. १२०७ च्या सुमारास कोरलेला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. त्या मठाला मिळालेल्या दानाची त्यात नोंद आहे. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. परंतु मठाला काय मिळावे, तेलाच्या घाण्यामागे किती वाटा द्यावा, हा व्यवहाराचा तपशील मात्र मराठीत कोरला आहे. गणिताच्या शिक्षणासाठी लोकांनी उचललेला भार मराठीत नोंदला गेला, ही गोष्ट मराठी शाळेच्या इतिहासात अगदी पहिल्या पानावर शोभावी अशी आहे.

भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० मधील. तिच्यातील उदाहरणांत भुंगे येतात, हंस येतात, मोर आणि साप येतात. कित्येक उदाहरणे तर एका मुलीलाच उद्देशून विचारलेली आहेत. म्हणजे बालवयात गंमतीचे अवघड गणित घालण्याची रीत आपल्याकडे जुनीच. तिला स्पर्धेचे रूप आले ते फार नंतर आणि फार दूर. हंगेरीत १८९४ साली दानिएल अरानी या शिक्षकाने शाळकरी मुलांसाठी गणिताचे मासिक काढले. मुले घरी बसून प्रश्न सोडवीत, उत्तरे टपालाने धाडीत, आणि पुढे त्यांची नावे छापून येत. शिक्षक एका गावी आणि विद्यार्थी दुसऱ्या गावी, ही आजच्या ऑनलाइन वर्गाची मांडणी तेव्हाच सिद्ध झाली होती. फक्त पोस्टमन लागत असे.

महाराष्ट्रात या परंपरेचे सर्वांत लोभस नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचे. डहाणू येथे १९०५ मध्ये जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, आणि आलेल्या उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करावी. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. फार तर सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या ६१७४ वरच येऊन थांबते. चौथीच्या मुलाला जमणारी ही वजाबाकी आज जगभर कापरेकरांच्या नावाने ओळखली जाते. त्यांच्याजवळ ना संशोधनाची पदवी होती, ना विद्यापीठातील पद.

पुढील संस्थात्मक इतिहास थोडक्यात सांगता येईल. ग्वाल्हेरच्या मराठी घरात वाढलेले थोर गणिती श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापले. तेथे शालेय मुलांसाठी गणिताचे वर्ग व प्रज्ञाशोध स्पर्धा रुजल्या. राष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड १९८६ मध्ये सुरू झाले, १९८९ मध्ये भारताचा संघ प्रथम आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडला गेला, आणि १९९६ मध्ये ती स्पर्धा मुंबईतच भरली.

रायपूरला यातले काय मिळाले? १९५६ पर्यंत या प्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला ती भोपाळला गेली, २००० मध्ये छत्तीसगड वेगळे झाले. गाडीने नागपूर तेवढेच, सुमारे ३०० किलोमीटरवर राहिले. पण महाराष्ट्रातील गणित अध्यापक मंडळांच्या परीक्षा, त्यांची मराठी पुस्तके, सुटीतले वर्ग हे सारे सीमेपलीकडचे झाले. हुशार मूल आणि त्याला आव्हान देणारा शिक्षक एकाच गावात असणे, हा मग योगायोगाचा भाग उरला.

२०२० च्या टाळेबंदीने तो योगायोग अनावश्यक ठरवला. छत्तीसगड शासनाने त्याच एप्रिलमध्ये ‘पढ़ई तुंहर दुआर’ हे संकेतस्थळ सुरू केले आणि पडद्यावरचा वर्ग घरोघरी परिचित झाला. नवशिक्यांच्या स्पर्धा-गणितालाही हा मार्ग मानवला. आठ बाय आठच्या बुद्धिबळपटावर चौरस किती, असे विचारल्यावर मूल चटकन ६४ म्हणते. मग पटाचा मोठा चौरस ध्यानात येऊन ६५ म्हणते. दोन बाय दोनचे, तीन बाय तीनचे चौरस दिसू लागले की ते गप्प होते. २०४ पर्यंतचा प्रवास त्या गप्प बसण्यातच होतो. चांगला शिक्षक तेवढा वेळ पडद्यावरही देतो. घड्याळ लावून युक्त्या पाठ करून घेणारे वर्गही पुष्कळ आहेत. पालकांनी शुल्काआधी हे पाहावे.

खरी अडचण भाषेची आहे. मराठी शाळेतील मूल ‘मूळ संख्या’ शिकते, शेजारचे हिंदी शाळेतील मूल तिला ‘अभाज्य’ म्हणते, आणि पडद्यावर ती ‘प्राईम’ होऊन येते. अपूर्णांकाचा ‘छेद’ हिंदीत ‘हर’ होतो, इंग्रजीत आणखी काही. कल्पना कळलेली असूनही केवळ शब्दापाशी अडलेले मूल मागे पडलेसे दिसते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये स्पर्धकाला प्रश्न स्वतःच्या भाषेत मागता येतात आणि उत्तरेही त्याच भाषेत लिहिता येतात. जगातल्या सर्वांत अवघड शालेय परीक्षेत असलेली ही मुभा दहा वर्षांच्या मुलांच्या पहिल्या वर्गात अजून क्वचितच मिळते.