चारचौघांत ठरलेले गुपित

दोघांना सांकेतिक संदेश पाठवायचे असतील तर संदेशाची किल्ली, म्हणजे एखादी मोठी संख्या, दोघांकडे आधीच हवी. ती पोचवायची कशी? शतकानुशतके उत्तर एकच होते: विश्वासू माणसाच्या हाती. १९७४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील राल्फ मर्कल या विद्यार्थ्याने वर्गातील प्रकल्पासाठी वेगळाच प्रश्न मांडला. सगळे बोलणे तिसरा ऐकत असतानाही किल्ली ठरवता येईल का? शिक्षकांना कल्पना पटली नाही. मर्कलने तो अभ्यासक्रमच सोडला. कल्पना सोडली नाही.

त्याची युक्ती अशी. अनूने दहा लाख कोडी उघडपणे पाठवायची. प्रत्येक कोड्यात एक क्रमांक आणि एक किल्ली दडलेली. बंडू मनाला येईल ते एक कोडे सोडवतो आणि फक्त क्रमांक कळवतो. चोरून ऐकणाऱ्याला मात्र ते कोडे हाती लागेपर्यंत सरासरी पाच लाख कोडी सोडवावी लागतात. १९७५ मध्ये पाठवलेला हा लेख छापून यायला १९७८ उजाडले!

तोवर, १९७६ मध्ये, व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी अधिक सुटसुटीत रीत प्रसिद्ध केली होती. (ब्रिटनच्या सरकारी संकेतसंस्थेतील माल्कम विल्यमसन यांना ती १९७४ मध्येच सुचली होती, पण हे जगाला कळले १९९७ मध्ये.) ही रीत तिघांसाठीही चालते. फळ्यावर करून पाहा.

५ आणि २३ या संख्या सर्वांना माहीत आहेत. अनू मनात ३ धरते, बंडू ४, कमल ५. प्रत्येकाने ५ चा तेवढा घात करायचा, २३ ने भागायचे आणि बाकी शेजाऱ्याला मोठ्याने सांगायची. अनू बंडूला १० सांगते, बंडू कमलला ४, कमल अनूला २०. आता ऐकलेल्या संख्येचा आपल्या मनातल्या संख्येइतका घात करून बाकी पुढे सांगायची: अनू १९, बंडू १८, कमल १२. पुन्हा एकदा तसेच करा, पण उत्तर सांगू नका. तिघांकडेही ३ येतात, कारण तिघांनी ५ चा ३×४×५ वा घातच काढला. गुणाकाराचा क्रम तेवढा वेगळा. २३ ऐवजी शेकडो अंकी मूळ संख्या घेतली, तर ऐकलेल्या बाकीवरून मनातली संख्या शोधणे आजच्या संगणकांनाही जमत नाही.

अशी वर्तुळातली पद्धत इंगमार्सन, टँग आणि वाँग यांनी १९८२ मध्ये मांडली. अडचण फेऱ्यांची: तीस जणांच्या वर्गाला २९ फेऱ्या लागतील. १९९४ मध्ये बर्मेस्टर आणि देस्मेद यांनी हे काम दोन फेऱ्यांत आणले, मग माणसे कितीही असोत.

मात्र बोलणारा बंडूच आहे, हे यातली कोणतीही रीत सांगत नाही. मध्येच कोणी तोतया बसून अनूशी एक आणि बंडूशी दुसरी किल्ली ठरवू शकतो. त्यासाठी सही-शिक्क्याची सोय वेगळी करावी लागते.