चौकटीबाहेरची कचराकुंडी

अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्याचा फोटो काढताना आपण काय करतो? दोन पावलं सरकतो आणि कचराकुंडी चौकटीतून घालवतो. तिच्याशेजारी झाडणारी बाईही मग आपोआप बाहेर जाते.

पॅरिसचे प्रशासक यूजीन पूबेल यांनी १८८३ साली घरोघरी कचऱ्यासाठी झाकणाचं भांडं सक्तीचं केलं. फ्रेंच भाषेत कचरापेटीला आजही त्यांचंच नाव आहे. कचरा वेचणाऱ्यांचं पोट त्या कचऱ्यावर होतं. त्यांनी विरोध केला. पुढे यूजीन आत्जे या छायाचित्रकाराने त्यांचे आणि त्यांच्या वस्तीचे फोटो काढले, म्हणून ती माणसं आज आपल्याला दिसतात.

आपल्याकडे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. कॅमेरा गल्लीबोळांत शिरला खरा, पण सरकारी पथकांच्या मागोमाग. त्या फोटोंत गरिबाचं घर दिसतं ते झडतीचं, धुवून काढायचं घर म्हणून.

इतिहासकाराला पुरावा लागतो, आणि तो आपणच रोज खिशातल्या फोनने तयार करतो आहोत. शंभर वर्षांनी आपले फोटो पाहणाऱ्याला वाटेल, अलिबाग कधी कोणी झाडतच नव्हतं. तेव्हा पुढच्या वेळी ती दोन पावलं सरकू नका.