बेवारस मिळकत
वारस वा दावेदार न उरलेले स्थावर; शासन त्याचा ताबा घेऊन त्याची पुन्हा विल्हेवाट लावते. अमेरिकेतील सेंट लुईस शहराने करथकबाकीत सोडून दिलेल्या घरांसाठी 1971 मध्ये भूपेढी, म्हणजे अशा मिळकती ताब्यात घेऊन पुन्हा वापरात आणणारी संस्था, उभारली. महाराष्ट्रात बेवारस जमिनीचे हे कार्य मुख्यतः महसूल खात्याकडे असून, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, कलम 34 अन्वये भोगवटादार मृत्युपत्र न करता व ज्ञात वारसाविना निवर्तल्यास जिल्हाधिकारी जमिनीचा कब्जा घेतो, ती एकेका वर्षाच्या पट्ट्याने देतो, आणि तीन वर्षांत कोणी दावेदार उपस्थित न झाल्यास भोगवट्याचा हक्क लिलावात विकू शकतो. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात या सत्तेचा वापर विशेष सावधपणे व्हावा, हेच न्याय्य होय. कारण ऊसतोडीस गुजरातेत गेलेल्या कुटुंबाचे कुलूपबंद घर अथवा त्याचे पडीक शेत म्हणजे परित्यक्त मिळकत नव्हे. शिवाय, त्याच संहितेच्या कलम 36-अ नुसार आदिवासीचा भोगवटा बिगर-आदिवासीस विकण्यास जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी व त्या मंजुरीस राज्य शासनाची पूर्वमान्यता लागते. मयताच्या वारसांची चौकशी तलाठी दप्तरातील गाव नमुना 6-क या नोंदवहीत उतरते, आणि फेरफार प्रमाणित झाल्यावर त्यांची नावे सातबाऱ्यावर चढतात.