मूलपेशी आणि मेंदूचे विकार : थोडी ओळख

सावदा-रावेर परिसरातील केळी उत्पादकांना टिश्यू कल्चरची रोपे परिचित आहेत. कंदाच्या लहानशा भागापासून प्रयोगशाळेत असंख्य रोपे तयार होतात. मेंदूच्या विकारांचे संशोधक मानवी पेशींबाबत काहीसे असेच कार्य करीत आहेत. मात्र तेथे देह नव्हे, केवळ पेशी वाढविल्या जातात.

जिवंत रुग्णाच्या मेंदूतील पेशी अभ्यासासाठी काढणे सहसा शक्य नसते. २००६ साली जपानचे शिन्या यामानाका यांनी उंदराच्या प्रौढ पेशींत चार जनुके घालून त्यांना मूलपेशींच्या अवस्थेत नेले. २००७ मध्ये मानवी पेशींबाबतही हे साध्य झाले. २०१२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना जॉन गर्डन यांच्यासह लाभले. आता रुग्णाच्या रक्तापासून अशा मूलपेशी आणि त्यांपासून चेतापेशी तयार करता येतात.

बंगळूर येथे निम्हान्स, एनसीबीएस व इनस्टेम या संस्थांनी २०१६ साली असा उपक्रम सुरू केला. स्किझोफ्रेनिया, बायपोलर विकार, मंत्रचळ, स्मृतिभ्रंश व व्यसनाधीनता हे त्याचे विषय होत. एकाच कुटुंबातील आजारी व निरोगी व्यक्तींच्या पेशींची तुलना केली, की आनुवंशिक दोष शोधणे सुकर होते. परदेशातील २०१५ च्या एका अभ्यासात बायपोलर रुग्णांच्या चेतापेशी अतिउत्तेजित आढळल्या. ज्या रुग्णांना लिथियम मानवले होते, त्यांच्याच पेशी त्या औषधाने शांत झाल्या.

मूलपेशी कोठून घेतल्या, हा श्रद्धावंतांपुढील महत्त्वाचा प्रश्न होय. मानवी भ्रूण नष्ट करून मूलपेशी मिळविणे ख्रिस्तसभेला मान्य नाही. प्रौढ व्यक्तीच्या शरीरातून, तिला गंभीर इजा न करता, त्या घेण्यास मात्र हरकत नाही. २००८ च्या ‘दिग्नितास पेर्सोने’ या दस्तऐवजात हे स्पष्ट केले आहे. वर वर्णिलेल्या पद्धतीत भ्रूणाचा नाश करावा लागत नाही.

येथे सावधगिरीचा एक शब्द. हे संशोधन आजार समजून घेण्यासाठी आहे. तो उपचार नव्हे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताचे काही विकार वगळता मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचण्यांतच करता येतो. म्हणून ‘मूलपेशींच्या इंजेक्शनाने मतिमंदत्व, स्वमग्नता बरी होते’ अशा जाहिरातींना भुलून कोणी शेत गहाण टाकू नये, चालू औषधेही परस्पर बंद करू नयेत.

मानसिक आजार हा शाप नव्हे, की कुटुंबाचा कलंक नव्हे. त्याची मुळे पेशींतही असू शकतात, हे विज्ञान दाखवीत आहे. अशा घरांकडे आपण पाठ न फिरविता आधाराचा हात पुढे करू या.